चाळीसगावचा टांगा आणि अंजनगावची मोटारसायकल

अंजनगाव सुर्जीच्या एका वस्तीत, सोयाबीनचे पैसे हातात आले त्या दिवसांत, एका घरी नवी मोटारसायकल आली. हप्त्याने घेतलेली, पण कोरी करकरीत. ज्या घरातल्या आजोबांनी जन्मभर पायी जाऊन दुसऱ्याच्या शेतात मजुरी केली आणि बापाने जुन्या सायकलवर दिवस काढले, त्या घराच्या दारात स्वतःच्या मालकीची गाडी उभी राहिली. गाडीला हार घातला, पेढे वाटले, शेजारच्या लेकरांना एकेक फेरी मिळाली. आम्हीही त्या पेढ्याचे वाटेकरी होतो. आनंद खरा होता आणि तो आम्हालाही झाला.

सहज म्हणून आम्ही मुलाच्या आईला विचारले, "पोट्ट्याले गाडी चालोता येते ना बाई?"

"येते ना! दोन दिवसात शिकला."

"कोनं शिकोलं?"

"आता कोनं शिकोलं म्हंजे काय? मामाच्या पोट्ट्यानं दाखोलं. पांदनीत दोन-चार चकरा मारल्या, झालं."

वाचक बंधू-भगिनींनो, हा संवाद त्या एका घरचा नाही. तो दर्यापूरचा आहे, अकोटचा आहे, परतवाड्याचा आहे, तुमच्या-आमच्या घरचाही आहे. आपली मुलगी शिवणकाम शिकते ती सहा-सहा महिने क्लास लावून. मुलगा टायपिंग शिकतो, संगणक शिकतो, फी भरून शिकतो. परंतु ज्या यंत्रावर बसून तो रोज वाऱ्याच्या वेगाने जाणार, ज्याच्या मागच्या सीटवर त्याची आई, बहीण, बायको बसणार, ते यंत्र तो पांदणीतल्या दोन-चार चकरांत शिकतो. आणि मग एखाद्या संध्याकाळी फोन येतो. वस्ती हळहळते. कोणी म्हणते, "आयुष्यच तेवढं होतं." कोणी म्हणते, "नजर लागली." नशिबाला दोष दिला की विचार करण्याचे काम संपते.

आपण तरी असा विचार करू नये. कारणावाचून काही घडत नाही, हे आपल्याला शिकवले गेले आहे. मोटारसायकलच्या अपघातालाही कारणे असतात. ती कारणे बहुधा साधी, डोळ्यांना दिसणारी आणि टाळता येण्याजोगी असतात. त्यांचाच विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

बाबासाहेबांचा अपघात

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः एका वाहन-अपघातात सापडले होते, हे पुष्कळांना माहीत असेल. १९२९ सालची ही गोष्ट. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. खानदेशातल्या एका गावी सवर्णांनी टाकलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला आले. तिथल्या लोकांनी स्टेशनवर त्यांना हार घातले. पण तासभर झाला तरी निघण्याची काही चिन्हे दिसेनात. शेवटी एक टांगा आला. बाबासाहेब त्यात बसले. बरोबर फक्त हाकणारा; बाकीची मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे गेली.

टांगा दोनशे पावले गेला नसेल, तोच समोरच्या मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरचा फरशीपूल होता. त्याला कठडे नव्हते. कडेला अंतराअंतरावर दगड तेवढे बसवलेले. रस्त्यावरून पुलावर येताना काटकोनात वळावे लागे. नेमक्या त्या वळणावर घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब उडून फरशीवर पडले आणि घोडा-टांगा खाली नदीत गेला. पायाचे हाड मोडले. बरेच दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही.

मागाहून खरी हकीकत कळली. अस्पृश्य उतारूचा टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार नव्हता. बाबासाहेबांनी पायी यावे हे वस्तीच्या लोकांना सहन होईना. तेव्हा तोड निघाली की टांगेवाल्याने भाड्याने टांगा तेवढा द्यावा, हाकणारा वस्तीतला असावा. वस्तीतल्या कोणाचाच तो धंदा नव्हता. एकाने "त्यात काय आहे" असे समजून लगाम हाती घेतला आणि वाटेत जबाबदारीच्या जाणिवेने त्याचे हातपाय गळाले.

त्या अपघाताचे मूळ अस्पृश्यतेत होते, त्या बिचाऱ्या माणसात नव्हते. हे आधी स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत ही घटना लिहिताना आपल्या माणसांची चूकही सांगितली आहे. पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात पाहुण्याचा जीव त्याहून मोलाचा आहे, याचा त्यांना विसर पडला.

आज अंजनगावात लगामाच्या जागी हँडल आले आहे. "त्यात काय आहे" हे शब्द मात्र तेच आहेत.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या वर्षात भारतात रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस-पंचेचाळीस. दर दिवसाला दुचाकीवरची दोनशेहून अधिक माणसे! महाराष्ट्रात त्या वर्षी सर्व प्रकारच्या रस्ते-अपघातांत १५,२२४ जणांचा बळी गेला.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. हेल्मेट नसताना मेलेल्यांची संख्या ५०,०२९. त्यांत मागे बसलेले १४,३३७. दिवसाचा हिशेब केला तर एकशे सदतीस. गच्च भरलेल्या तीन एस.टी. गाड्या रोज दरीत कोसळाव्यात, तशी ही गोष्ट. एक एस.टी. पडली तर वर्तमानपत्राचे पहिले पान भरते. ही माणसे एकेकटी, आपापल्या गावाच्या फाट्यावर मरतात म्हणून त्यांची बातमी चार ओळींची होते. देशातले यातले बहुतेक मृत्यू मोठ्या शहरांतले नाहीत. रस्त्यावर मरणाऱ्यांत दर तिघांपैकी दोघे ग्रामीण भागातल्या रस्त्यांवर मरतात.

ज्याला कोणी शिकवले नाही, तो चुकतो कुठे?

अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या संशोधकाने लॉस एंजलिस परिसरातल्या नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. त्याचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. अपघात झालेल्यांपैकी शंभरातले ब्याण्णव जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. म्हणजे मामाच्या पोराने शिकवलेले तिथेही होतेच! संकट दिसल्यापासून आदळेपर्यंत त्यांना जेमतेम दोन सेकंद मिळत होते आणि त्या दोन सेकंदांत पुष्कळांनी एकच चूक केली. मागचा ब्रेक करकचून दाबला, चाक घसरवले आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही.

आपल्याकडे तर "पुढचा ब्रेक लावू नको, उलटा पडशील" हीच पहिली शिकवण असते. ती अर्धवट आहे. ब्रेक लागला की गाडीचा आणि माणसाचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते. त्यामुळे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचाच ब्रेक करतो. तो झटक्याने नव्हे, लिंबू पिळावे तसा हळूहळू वाढत्या जोराने दाबायचा आणि मागचा त्याच्या जोडीला. हँडल सरळ असताना ब्रेक लावायचा. वळण येण्याच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नव्हे. रेती, चिखल किंवा ओला रस्ता असेल तर दोन्ही ब्रेक अगदी हलक्या हाताने. हे सांगून समजते, पण अंगी बाणायला सराव लागतो. जे हाताला सवयीचे नाही, ते घाबरल्यावर आठवत नाही. चाळीसगावच्या टांग्यावर हेच झाले.

हर्टच्या पाहणीतली दुसरी गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या टकरींपैकी सुमारे दोन तृतीयांश टकरींत दुसरे वाहन आडवे आले होते. त्या चालकांचे म्हणणे बहुधा एकच, "मोटारसायकल दिसलीच नाही." मोटारसायकल समोरून अरुंद दिसते; ती किती वेगाने येते याचा अंदाज येत नाही. म्हणूनच आपल्या देशात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो. सुरुवातीला लोक एकमेकांना हात दाखवून सांगत, "भाऊ, लाइट चालू आहे तुमचा!" तो विसरलेला नसतो; आपण दिसावे म्हणून असतो. चौकात, फाट्यावर, पेट्रोल पंपाच्या तोंडाशी, "समोरच्याने मला पाहिलेले नाही" असे धरून चालावे. एस.टी. किंवा ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नये. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचे तोंड दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

वेगाचा हिशेब

ज्यांची मुले शाळेत गणित शिकतात, त्यांनी हा हिशेब त्यांच्याकडून करवून घ्यावा. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसले, मेंदूला कळले, हाताने ब्रेक दाबला, यात दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी २५ मीटर पुढे गेली. त्यानंतर थांबायला चांगल्या रस्त्यावर आणखी वीस-पंचवीस मीटर. एकूण पन्नासेक मीटर.

ताशी ४० ला हेच अंतर अठ्ठावीस मीटरच्या आसपास भरते. ताशी ८० ला पंचाहत्तरच्या घरात. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. आणि आदळलाच तर? ताशी ६० ने भिंतीवर आदळणे म्हणजे चौथ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखे आहे. चौथ्या मजल्याच्या कठड्यावर उभे राहून मोबाईलवर बोलणारा मुलगा दिसला तर आपण किंकाळी फोडू. गाडीवर मान वाकडी करून, खांद्यात मोबाईल दाबून बोलणारा रोज दिसतो. त्याला कोणी हाक मारत नाही.

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवावे? पुढची गाडी एखाद्या झाडापाशी गेली की सावकाश "एकशे एक, एकशे दोन" म्हणावे. ते म्हणून होण्याआधी आपण त्या झाडापाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. पावसात हे अंतर दुप्पट करावे.

आपले रस्ते, आपले हंगाम

पुस्तकातले नियम शहरातल्या रस्त्यांचे असतात. आपल्या वऱ्हाडातल्या रस्त्यांची दुखणी हंगामाप्रमाणे बदलतात, ती आपणच ओळखली पाहिजेत.

मृगाचा पहिला पाऊस सर्वांत फसवा. रस्त्यावर उन्हाळाभर साचलेली धूळ आणि तेल यांचा लगदा होतो. त्यातच शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणतात. आपली काळी माती ओली झाली की साबणासारखी होते. शेताचे तोंड दिसले की वेग कमी करावा आणि त्या मातीवर ना ब्रेक, ना एकदम वळण. पुढे खड्डे पाण्याने भरतात आणि किती खोल ते कळत नाही. साइडपट्टी खचलेली असते. चाक खाली उतरले तर लगेच वर चढण्याची घाई करू नये. हळू व्हावे, जागा पाहून जरा सरळ कोनात वर यावे.

पावसाच्या सरी ओसरल्या की सोयाबीन रस्त्यावर येते. कोणाला खळे नाही, कोणाला जागा नाही, हे आम्ही जाणतो. पण दाण्यांवर चाक गेले की ते छर्ऱ्यांवरून घसरावे तसे घसरते. शिवाय राशीभोवती लावलेले दगड रास उचलल्यावर तिथेच राहतात आणि रात्री तेच दगड एखाद्याचा जीव घेतात. शेतकरी बंधूंना आमची कळकळीची विनंती आहे, धान्य उचलताना दगडही उचला. तो मेलेला मुलगा तुमच्याच गावचा असू शकतो.

हिवाळ्यात कापसाच्या आणि तुरीच्या गाड्या, संत्र्याचे ट्रक, मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या. बैलबंडी तर अंधारात दिसतच नाही. मागे दोन बोटे रुंदीची लाल रेडियमची पट्टी लावायला फार खर्च येत नाही. रात्री आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे, हे रात्रीच्या वेगाचे माप. अकोट-अंजनगाव-परतवाडा या सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात रोही आणि रानडुकरे रस्ता ओलांडतात. एक रोही गेला की संपले असे समजू नये. मागून दुसरा येतोच. जनावर आडवे आले तर त्याला चुकवण्यासाठी हँडल झटकण्यापेक्षा सरळ रेषेत ब्रेक लावणे पुष्कळदा बरे.

उन्हाळा म्हणजे लग्नसराई. दिवसभर ऊन, रात्री वरात, आणि पहाटे "निघतो, सकाळी कामावर जायचं आहे" म्हणून परतीचा प्रवास. झोप डोळ्यांवर असलेला माणूस आणि दारू प्यालेला माणूस, दोघांचेही भान हरपलेले असते. दारूबद्दल वेगळे काय सांगावे? रोज पंचशील म्हणणाऱ्या घरांना पाचव्या शीलाची आठवण करून देण्याची पाळी यावी, हे दुःखाचे आहे. कायदाही सांगतो: १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य आढळले तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. यजमानाने गाडीवर आलेल्या पाहुण्याला रात्री मुक्काम करायला लावणे, हा आपल्याकडे नवा रिवाज व्हायला हवा.

डोक्याची गोष्ट

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून प्रसिद्ध झालेला टी. ई. लॉरेन्स १९३५ साली इंग्लंडात मोटारसायकलवरून जात होता. सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो पडला आणि डोक्याच्या माराने काही दिवसांत मेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचा मेंदूचा शल्यचिकित्सक होता. एवढा माणूस केवळ डोके उघडे असल्याने गेला, ही गोष्ट त्याच्या मनाला लागली. त्याने मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व दाखवणारा लेख लिहिला. त्यानंतर ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. आजवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एकत्र हिशेब असा निघतो की हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हेल्मेट काम कसे करते? डोके आदळले की कवटी थांबते, पण आतला मेंदू पुढे जात राहतो आणि कवटीवर आपटतो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर दबतो, चेपतो आणि तो धक्का स्वतःवर घेतो. म्हणूनच एकदा जोरात आदळलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी निकामी समजावे. आयएसआय चिन्ह असलेलेच घ्यावे. रस्त्याच्या कडेला मिळणारी अर्धी टोपी पोलिसांना फसवील, डांबराला नाही. डोके हलवले तर हेल्मेट फिरता कामा नये. आणि पट्टा! पट्टा न लावलेले हेल्मेट माणसाच्या आधी उडून जाते.

"गरम होते", "केस गळतात", "इथंच तर जायचं आहे" ही उत्तरे आम्ही पुष्कळ ऐकली. इथंच म्हणजे बाजारापर्यंत, शेतापर्यंत. पडताना डोके जमिनीपासून जेवढे उंच असते, तेवढेच ते अमरावतीच्या रस्त्यावरही असते आणि घराच्या वळणावरही. मोटार वाहन कायद्याप्रमाणे हेल्मेट चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही बंधनकारक आहे. नसेल तर एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबित. परंतु दंडासाठी हेल्मेट घालणारा नाका संपला की ते काढून आरशाला अडकवतो. ते डोक्यासाठी घालायचे आहे.

मागच्या सीटवर

हे पान मायबहिणी अधिक वाचतात, म्हणून हे विस्ताराने. मागे बसणारी व्यक्ती ही गाडीवरचे ओझे नव्हे. तिच्या बसण्यावर गाडीचा तोल असतो. शक्य असेल तिथे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे. एका बाजूला बसावे लागले तर धरायची पकड आणि पाय ठेवायची पट्टी पक्की आहे का ते पाहावे. साडीचा पदर, ओढणी, शाल चाकात आणि साखळीत जाते. पदर खोचून, ओढणी बांधून मगच बसावे. चाकावरची साडीची जाळी शोभेची नाही; मागचे चाक निदान अर्धे झाकलेले असले पाहिजे असा नियमच आहे. मुलगा "स्टाईल" म्हणून ती काढून टाकीत असेल तर त्याला काढू देऊ नका.

पावसात मागे बसून छत्री उघडू नये. वारा छत्रीत शिरला की बाई मागे ओढली जाते. छत्री वाचवायला गेली आणि स्वतः पडली, असे प्रसंग आपल्या ऐकण्यात आहेत. लहान लेकराला टाकीवर बसवणे म्हणजे धक्का बसल्यावर पहिला मार त्याला. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे: चालवणाऱ्याला जोडलेला सुरक्षा-पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० पेक्षा जास्त वेग नाही. चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस बसावा. आई, बाप, तीन लेकरे आणि पुढे किराण्याची पिशवी, ही गरिबीची लाचारी आम्हाला समजते. पण जिथे एस.टी. आहे, ऑटो आहे, तिथे दोन फेऱ्यांचे पैसे दवाखान्याच्या एका दिवसाहून स्वस्त पडतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, मागे बसणाऱ्याने बोलावे. "हळू चालव" म्हणणाऱ्या आईला, बायकोला "तुले काय समजते" असे उत्तर मिळते. तिला समजते. जीव तिचाही आहे.

परवाना आणि चार रविवार

सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती बापच चावी देतो. १८ वर्षांखाली गिअरची गाडी चालवणे गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे त्यात पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. विम्यासोबत मालक-चालकाला जे १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण मिळते, तेही वैध परवाना असेल तरच. परवाना नसलेल्याचे घर माणूसही गमावते आणि आधारही.

शिकाऊ परवाना काढल्यावर आमची सूचना चार रविवारांची आहे. पहिल्या रविवारी मोकळ्या मैदानात क्लच, गिअर आणि माणसाच्या चालीने गाडी हाकणे. जोरात पळवणे सोपे असते, हळू चालवणे कठीण. दुसऱ्या रविवारी फक्त ब्रेक: ताशी २० वरून, मग ३० वरून, एका रेघेवर थांबणे, निदान पन्नास वेळा. तिसऱ्या रविवारी वळणे, आठचा आकडा, मागे वळून पाहून आणि सिग्नल देऊन वळणे. जिकडे जायचे तिकडे नजर, खड्ड्याकडे पाहात राहिले तर गाडी खड्ड्यातच जाते. चौथ्या रविवारी मागे माणूस बसवून आणि संध्याकाळच्या अंधारात. शिकवणारा तो असावा ज्याच्याकडे परवाना आहे, डोक्यावर हेल्मेट आहे आणि वयाने नव्हे तर स्वभावाने जो शांत आहे. आपल्या वस्तीतल्या मंडळांनी, विहाराच्या समित्यांनी असे चार रविवार भरवले तर त्याला खर्च येत नाही.

अपघात झालाच तर

प्रथम येणारी वाहने थांबवा किंवा वळवा. १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका मोफत आहे. अंजनगावहून अमरावतीच्या इर्विन रुग्णालयापर्यंत बराच वेळ लागतो, म्हणून पहिला फोन लवकर होणे महत्त्वाचे. जखमीला बसवून पाणी पाजू नका, हातापायाला धरून उचलू नका, श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहात असेल तिथे स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. "पोलिसाच्या लफड्यात कोण पडेल" ही भीती सोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० मार्च २०१६ च्या निकालाने आणि पुढे कायद्याच्या कलम १३४-अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

मान आणि जीव

शेवटी एक गोष्ट आपल्यांतच बोलायची आहे. १४ एप्रिलला गावोगाव मोटारसायकलींच्या रॅली निघतात. निळे झेंडे, एका गाडीवर तिघे-तिघे, डोक्यावर पट्टी, हेल्मेट एकाच्याही नाही. तो उत्साह आम्हाला प्रिय आहे. ज्यांना टांग्यात बसू दिले जात नव्हते, त्यांची नातवंडे स्वतःच्या गाड्यांवर निघतात, यात मानाची गोष्ट आहेच. परंतु ज्या महामानवाच्या जयंतीसाठी ती रॅली निघते, त्यानेच स्वतःच्या मोडलेल्या पायाने सांगून ठेवले आहे की मानाच्या भरात जीव विसरू नये. पुढच्या जयंतीला रॅलीच्या आयोजकांनी हेल्मेट नसलेली गाडी रांगेत घेऊ नये. झेंडा तेवढाच उंच राहील.

ज्या घरी आम्ही पेढा खाल्ला, तिथे परवा पुन्हा गेलो होतो. गाडी दारात होती. मुलाचा शिकाऊ परवाना निघाला आहे, पक्का अजून व्हायचा आहे. चावी आईने डब्यात ठेवली आहे. चावी देण्याआधी ती पाच प्रश्न विचारते, ते आम्ही इथे देतो. कात्रण काढून दाराजवळ चिकटवा:

हेल्मेटचा पट्टा लावला का?
ब्रेक, टायर, दिवा पाहिला का? स्टँड वर केले का?
मागे कोण बसणार, आणि त्याचे हेल्मेट कुठे आहे?
झोप झाली का? काही घेतले तर नाही?
कोणत्या रस्त्याने जाणार, आणि अंधाराआधी परत येणार ना?

मुलगा कुरकुरतो, पण उत्तरे देतो.